जहाज पोहोचलं, पण माल? ‘टालाबॉट’ची गोष्ट आणि एंडपॉइंटचा प्रश्न



पीएचडीच्या मुलाखतीत किंवा आरआरसीसमोर एक प्रश्न हमखास येतो: “तुम्ही नेमकं काय मोजणार आहात?” यावर बरेच जण यंत्राचं नाव सांगतात. यूव्ही, एक्सआरडी, एचपीएलसी वगैरे. पण विचारणाऱ्याला यंत्र नको असतं. त्याला विचारायचं असतं की तुमचा प्रयोग यशस्वी झाला हे तुम्ही कशावरून ठरवणार? संशोधनाच्या भाषेत याला एंडपॉइंट म्हणतात.

हा एंडपॉइंट चुकला की काय होतं, हे समजायला मला दुसऱ्या महायुद्धातल्या एका नॉर्वेजियन मालवाहू जहाजाची गोष्ट फार उपयोगी वाटते. आजचा लेख इतिहासाचा आहे. विज्ञान शाखेच्या मंडळींनी पान बंद करू नये, शेवटी आपण आपल्याच टेबलावर परत येणार आहोत.

नॉर्वेची जहाजं ब्रिटनसाठी का धावत होती?

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीनं नॉर्वेवर हल्ला केला आणि दोन महिन्यांत देश जर्मनांच्या ताब्यात गेला. पण नॉर्वेचा व्यापारी ताफा तेव्हा जगभरच्या समुद्रांवर पसरलेला होता. त्यातली सुमारे १,००० जहाजं नॉर्वेच्या सरकारनं एकाच संस्थेखाली आणली. तिचं नाव नॉर्ट्राशिप. लंडन आणि न्यूयॉर्कमधून तिचा कारभार चाले. देश हातचा गेला, पण देशाची जहाजं दोस्त राष्ट्रांसाठी तेल, धान्य आणि दारूगोळा वाहत राहिली.

‘टालाबॉट’ हे त्यांपैकीच एक. विल्हेल्मसेन कंपनीचं, १९३६ मध्ये स्वीडनमधल्या योटेबोर्ग इथं बांधलेलं, सुमारे ६,८०० ग्रॉस टनांचं मोटरजहाज. (या कंपनीच्या जहाजांची नावं ‘टी’ या अक्षरानं सुरू होतात, हा तिचा जुना रिवाज.) वेगानं चांगलं, म्हणूनच मार्च १९४२ मध्ये त्याच्या वाट्याला एक अवघड काम आलं: माल्टाला जाणारा कॉन्व्हॉय.

कॉन्व्हॉय म्हणजे युद्धनौकांच्या संरक्षणाखाली एकत्र जाणाऱ्या मालवाहू जहाजांचा ताफा. आणि माल्टा म्हणजे सिसिलीच्या दक्षिणेला, शत्रूच्या विमानतळांपासून अगदी जवळ असलेलं, तेव्हाच्या ब्रिटिश अंमलाखालचं छोटं बेट. लोकसंख्या अडीच लाखांच्या वर आणि पीठ, इंधन, दारूगोळा जवळजवळ सगळं बाहेरून येणार. उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन-इटालियन फौजांची रसद तोडायला ब्रिटनला हे बेट हवं होतं. म्हणूनच जर्मनी आणि इटलीला ते उपाशी मारायचं होतं.

अलेक्झांड्रिया ते माल्टा

२० मार्च १९४२ रोजी चार जहाजं अलेक्झांड्रियाहून निघाली: ‘ब्रेकनशायर’, ‘क्लॅन कॅम्पबेल’, ‘पॅम्पस’ आणि आपली ‘टालाबॉट’. चौघांत मिळून सुमारे २६,००० टन माल. सोबतच्या युद्धनौकांचे प्रमुख होते रिअर ॲडमिरल फिलिप व्हायन. ताफ्याचं नाव एमडब्ल्यू-१०.

२२ मार्चला ‘लित्तोरिओ’ ही युद्धनौका घेऊन इटालियन आरमार आडवं आलं. व्हायनकडे फक्त क्रूझर आणि विनाशिका होत्या. समोरासमोर उभं राहिलं तर टिकाव लागणं कठीण. पण त्या दिवशी आग्नेयेकडून जोराचा वारा होता. व्हायननं धुराचा पडदा सोडला, वाऱ्यानं तो शत्रूच्या दिशेनं नेला आणि त्या धुरातून बाहेर येत, पुन्हा आत जात ब्रिटिश नौकांनी संध्याकाळपर्यंत इटालियनांना रोखून धरलं. चारही मालवाहू जहाजांना त्या आरमाराकडून धक्कासुद्धा लागला नाही. ही सिर्तेची दुसरी लढाई. नौदलाच्या इतिहासात ती मोठ्या कौतुकानं सांगितली जाते.

पण या झटापटीत मालवाहू जहाजांना दक्षिणेकडे वळावं लागलं आणि त्यात कित्येक तास गेले. २३ मार्चला पहाटे माल्टा गाठायचं ठरलं होतं. दिवस उजाडला तेव्हा ती अजून समुद्रातच होती. उजाडलं म्हणजे विमानं आली. ‘क्लॅन कॅम्पबेल’ बेटापासून सुमारे २० मैलांवर बुडालं. ‘ब्रेकनशायर’ बेटाजवळ येऊन निकामी झालं. ते पुढे ओढत मार्सॅक्स्लोकच्या उपसागरात नेण्यात आलं. ‘पॅम्पस’वर पडलेले दोन बॉम्ब फुटलेच नाहीत. ‘पॅम्पस’ आणि ‘टालाबॉट’ सकाळी व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये शिरली.

इथं थांबा आणि एक वही घ्या. तुम्ही त्या दिवशी नोंद ठेवणारे कारकून आहात. ‘टालाबॉट’पुढच्या रकान्यात काय लिहाल? “पोहोचलं.” बरोबरच आहे.

बंदरातले तीन दिवस

माल उतरवणं हे काम वाटतं तितकं साधं नसतं. होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातून, माल वर काढायचा, पडावांमध्ये ठेवायचा, किनाऱ्यावर न्यायचा आणि तिथून गोदामात. हे सगळं सतत वाजणाऱ्या भोंग्यांमध्ये आणि बॉम्बहल्ल्यांनी मोडकळीला आलेल्या बंदरात. हल्ल्याचा इशारा झाला की काम बंद. रात्री दिवे लावून उतरवण्याची पुरेशी व्यवस्था झाली नाही, सैनिकांना मोठ्या संख्येनं कामाला लावलं गेलं नाही, बंदरावर धुराचा पडदा धरायची सोय नव्हती. या दिरंगाईबद्दल पुढे अनेक इतिहासकारांनी माल्टाच्या प्रशासनावर ठपका ठेवला आहे.

२६ मार्चला विमानांनी दोन्ही जहाजं गाठली. ‘पॅम्पस’ तळाला टेकलं. ‘टालाबॉट’ला आग लागली आणि पोटात दारूगोळा होता. तो उडाला असता तर बंदर आणि शेजारची वस्ती यांचं काय झालं असतं, याची कल्पना करा. ‘पेनेलोपी’ या क्रूझरवरचे लेफ्टनंट डेनिस कॉपरव्हीट काही खलाशांना घेऊन जळत्या जहाजावर गेले आणि त्यांनी ते बुडवण्यासाठी सुरुंग लावले. जहाज किनाऱ्यापासून जेमतेम ४० यार्डांवर होतं. तारा कशाबशा किनाऱ्यापर्यंत पुरल्या, त्यामुळे आडोसा न घेता उघड्यावरूनच सुरुंग उडवावे लागले. बाकीच्यांना त्यांनी आधी आडोशाला पाठवलं. स्फोटानं ते स्वतः उचलले गेले, पण वाचले. त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला.

दुसऱ्या दिवशी ‘ब्रेकनशायर’ही बुडालं.

आता आकडे मांडू

या एका कॉन्व्हॉयचं ‘यश’ किती टक्के? तुम्ही काय मोजता त्यावर उत्तर बदलतं.

- २२ मार्चच्या संध्याकाळी तरंगत असलेली जहाजं मोजली: ४ पैकी ४, म्हणजे १०० टक्के.
- ग्रँड हार्बरमध्ये शिरलेली मोजली: ४ पैकी २, म्हणजे ५० टक्के.
- ‘ब्रेकनशायर’लाही बेटावर पोहोचलेलं धरलं: ४ पैकी ३, म्हणजे ७५ टक्के.
- २७ मार्चच्या अखेरीला तरंगत असलेली मोजली: शून्य.
- माल्टाच्या हाती अखेर लागलेला माल मोजला: २६,००० टनांपैकी सुमारे ५,००० टन, म्हणजे जेमतेम १९ टक्के.

यातला एकही आकडा खोटा नाही. पण माल्टातल्या माणसाला यातला फक्त शेवटचा आकडा खाता येतो. त्याच वर्षी मे महिन्यात तिथं पावावर रेशन आलं.

नौदलाचं काम जहाजं बंदरात आणून सोडण्याचं होतं, ते त्यांनी जिवावर उदार होऊन केलं. ‘टालाबॉट’च्या नॉर्वेजियन खलाशांनी तेच केलं. पण “जहाज आलं” आणि “पीठ मिळालं” या दोन घटनांच्या मध्ये एक पायरी होती, आणि त्या पायरीची मालकी कुणाकडेच नीट नव्हती. ज्या गोष्टीचा रकाना वहीत नसतो, तिची तयारीही कच्ची राहते.

तोफांचा हिशोब

याच युद्धातलं आणि याच समुद्रातलं दुसरं उदाहरण बघा. ऑपरेशन्स रिसर्चच्या विद्यार्थ्यांना मोर्स आणि किंबल यांच्या पुस्तकामुळे ते माहीत असेल. भूमध्य समुद्रातल्या मालवाहू जहाजांवर विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या. तोफाही महाग, त्यांच्यासाठी माणसंही लागत. हिशोब केला तर फक्त ४ टक्के हल्ल्यांत विमान पडत होतं. मग काढून टाका तोफा?

तेव्हा कुणीतरी योग्य प्रश्न विचारला: तोफा बसवल्या कशाला, विमानं पाडायला की जहाज वाचवायला? पुन्हा मोजलं. तोफा चालवणाऱ्या जहाजांपैकी हल्ल्यात १० टक्के बुडत होती, तोफा नसलेल्यांपैकी २५ टक्के. गोळीबार सुरू झाला की वैमानिकाचा नेम बिघडत होता. तोफांचं काम चोख होत होतं, फक्त ते चुकीच्या रकान्यात शोधलं जात होतं.

मग बदललं काय?

मे १९४२ मध्ये माल्टाला नवे गव्हर्नर आले, लॉर्ड गॉर्ट. ९ मे रोजी मोठ्या संख्येनं स्पिटफायर विमानं उतरली. १० मे रोजी ‘वेल्शमन’ ही वेगवान नौका दारूगोळा आणि धूर सोडण्याचं साहित्य घेऊन आली. सैनिक तयार ठेवले होते, बंदरावर धूर धरला होता, काही तासांत ती रिकामी झाली आणि त्याच रात्री परतलीही.

ऑगस्टमध्ये ‘पेडेस्टल’ हा मोठा कॉन्व्हॉय आला. निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी पोहोचली ५, म्हणजे ३६ टक्के. जहाजांच्या रकान्यात हा एमडब्ल्यू-१० पेक्षा वाईट निकाल. पण उतरवलेला माल सुमारे ३२,००० टन, शिवाय ‘ओहायो’ टँकरमधलं तेल वेगळं.

“पण जहाजंच जास्त होती की!” असं तुम्ही म्हणाल. म्हणायलाच हवं. मग निघालेल्या प्रत्येक जहाजामागे माल काढू: मार्चमध्ये १,२५० टन, ऑगस्टमध्ये जवळपास २,३०० टन. फरक उरतोच. मात्र तो सगळा उतरवण्याच्या योजनेमुळे पडला, असा निष्कर्ष काढू नका. मधल्या काळात आकाशात स्पिटफायर आली होती, हल्ल्यांचा जोर बदलला होता. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या की श्रेय एकीलाच देता येत नाही.

आणखी एक रकाना

जहाज मोजलं, माल मोजला. माणसं?

नॉर्ट्राशिपच्या खलाशांचा युद्धभत्ता ब्रिटिश खलाशांच्या पातळीला आणला गेला आणि वरची रक्कम एका गुप्त निधीत जमा होत राहिली. युद्धानंतर ती आपल्याला मिळेल अशी खलाशांची समजूत होती. मिळाली नाही. ते कोर्टात गेले आणि १९५४ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. अखेर १९७२ मध्ये तिथल्या संसदेनं, कायद्यानं बंधन नसताना, त्यांना सेवेच्या महिन्यांनुसार रक्कम दिली. तोपर्यंत कित्येक जण वारले होते.

१९७० च्या दशकात फिन आस्केवोल्ड या नॉर्वेजियन डॉक्टरांनी अशा खलाशांमधला झोप उडणं, चिडचिड, विस्मरण, सततची भीती यांचा अभ्यास मांडला. त्याला ‘वॉर सेलर सिंड्रोम’ असं नाव पडलं. १९४५ च्या वहीत या माणसांपुढे “सुखरूप परतला” अशीच नोंद होती. तीही चूक नव्हती, फक्त फार लवकर केलेली होती.

तुमच्या टेबलावर

समजा तुम्ही नॅनोकणांनी सांडपाण्यातला मिथिलीन ब्लू हा रंग काढताय. द्रावण निळ्याचं पांढरं झालं, यूव्हीवरचा पीक खाली गेला, तुम्ही लिहिलं “९५ टक्के विघटन”. पण रंग जाणं म्हणजे रेणू नष्ट होणं नव्हे. रंग कणांना चिकटला असेल, रंगहीन रूपात गेला असेल, किंवा तुटून दुसरंच काही बनलं असेल. पाणी खरंच स्वच्छ झालं का हे बघायला एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. पीक म्हणजे बंदरात शिरलेलं जहाज. कार्बन म्हणजे गोदामात पोहोचलेलं पीठ.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. पहिली: माझ्या संशोधनाचा उपयोग शेवटी कुणाला, आणि त्याला काय हवंय? दुसरी: मी प्रत्यक्षात काय मोजणार आहे? तिसरी: या दोन्हींच्या मध्ये किती पायऱ्या आहेत आणि त्या कोण बघणार आहे? तिसरी ओळ रिकामी राहिली तर घाबरू नका, पण ती लपवूही नका. “मी इथपर्यंतच मोजतोय, पुढचं मोजलेलं नाही” हे वाक्य मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. परीक्षक ते विचारणारच आहेत, तुम्ही आधी सांगितलेलं बरं.

तुमच्या तीन ओळी कमेंटमध्ये जरूर लिहा. विषय कुठलाही चालेल.