परीटघडीमागची राख

परीटघडीचे कपडे हा शब्द आपल्या बोलण्यात अजून टिकून आहे. लग्नसमारंभाला कुणी कडक इस्त्रीत आला, की तो सहज तोंडावर येतो. पण त्या घडीमागे एके काळी राख होती, हे आपण पार विसरून गेलो आहोत.

साबणाची वडी आपल्या घरात तशी अलीकडेच आली. विलायतेचा सनलाइट साबण १८८८ च्या सुमारास कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १८९७ मध्ये मीरतला साबणाचा कारखाना निघाला आणि १९१९ च्या सुमारास गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. मग त्याआधी वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली अशा कृष्णाकाठच्या घाटांवर धुणे कशाने होत होते? रेशमी आणि लोकरी वस्त्रांना रिठा, केसांना शिकेकाई, आणि रोजच्या मळक्या कपड्यांना खार. हा खार खाऱ्या मातीतून मिळे, नाहीतर चुलीतल्या राखेतून.

लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. राख पाण्यात कालवून निवळू दिली, की वर पिवळसर पाणी राहते. ते बोटांना बुळबुळीत लागते, कारण कातडीवरच्या तेलाचा तिथल्या तिथे साबण होऊ लागतो. तेलकट कढई राखेने लख्ख होते, त्यातही घासण्याच्या जोडीला थोडे हेच रसायन असते. या पाण्यात चुना मिसळला तर ते फार तीक्ष्ण होते, हात भाजतात. त्यात तेल शिजवले की मऊ, लगद्यासारखा साबण तयार होतो आणि मीठ घातले तर तो घट्ट होतो.

राख, चुना आणि तेल या तिन्ही वस्तू आपल्या गावात होत्या. तरीही साबणाची वडी घरोघर का झाली नाही? माझ्या मते याचे उत्तर तेलात आहे. घाण्याचे करडईचे तेल खाण्याला आणि करंजाचे दिव्याला पुरवून पुरवून वापरायचे. ते धुण्यात कोण घालवणार? शिवाय अंगाचे तेल आणि घाम कपड्यात मुरलेलाच असे. क्षाराचे पाणी त्याच तेलाला धरी. साबण वेगळा करायचाच नव्हता, तो कपड्यावरच होत होता.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार करण्याचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. वनस्पती जाळून राख करावी, तिच्या सहापट पाणी घालावे, ते एकवीस वेळा गाळावे आणि त्यात भाजलेले शंख-शिंपले घालावेत, अशी त्यातली कृती. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे प्रकारही सांगितले आहेत. हा क्षार शस्त्रक्रियेसाठी होता. प्रफुल्लचंद्र रे यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीची आवर्जून दखल घेतली.

आता परटाची भट्टी पाहा. मळके कपडे क्षाराच्या पाण्यात भिजवायचे, उकळत्या भांड्यावर रचायचे, रात्रभर वाफ द्यायची आणि पहाटे नदीवरच्या दगडावर आपटायचे. खार कमी पडला तर मळ निघत नाही, जास्त झाला तर सूत जळते. हा अंदाज परीट आणि परटीण यांच्या हातात होता. ग्रंथात लिहिले त्याला आपण शास्त्र म्हटले. तोच क्षार हाताळणाऱ्याला मात्र बलुत्याचे धान्य मिळाले आणि गावगाड्यातली ठरलेली जागा. त्याच्या ज्ञानाचे नाव कुणी घेतले नाही.

याच समाजात १८७६ साली गाडगेबाबा जन्मले आणि खराटा हाती घेऊन त्यांनी महाराष्ट्राला स्वच्छता शिकवली. कऱ्हाडला १९५४ साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

भट्टी डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. राख कुठल्या लाकडाची घ्यायची, पाणी किती, जाळ कधी ओढायचा, हे त्यांना विचारून लिहून ठेवले पाहिजे. चूल विझली, तसे हेही विझायला वेळ लागणार नाही.