शेळीचा डाव

मराठी भाषेने शेळीला काही बरे वागवलेले नाही. भित्रा माणूस आपल्या लेखी शेळपट. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगतो तो बळीचा बकरा. गबाळ्या माणसाला आपण अजागळ म्हणतो, तेव्हाही डोक्यात शेळीच असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अजा म्हणजे शेळी. काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन लोंबते आचळ असतात, त्यांतून दूध येत नाही. निरुपयोगी वस्तूचा दाखला म्हणून जुन्या पंडितांनी त्यांच्याकडे बोट दाखवले आणि ते बोट पुढे माणसांकडे वळले.

ज्याने कधी घरी शेळी बांधली आहे, त्याला यातले एकही विशेषण पटणार नाही. गडग्यावर चढायचे, तिथून कौलांकडे बघायचे, वाळत घातलेल्या लुंगीचा काठ चावून बघायचा आणि हाकलायला आलेल्या माणसाकडे त्या आडव्या बुबुळांनी शांतपणे पाहायचे, हा शेळीचा खरा स्वभाव. भिते ती, नाही असे नाही. पण भिऊन झाल्यावर परत येते. हा स्वभाव खेळात उतरायला मात्र फार वर्षे लागली. आज त्याचीच हकिगत सांगायची आहे.

आपल्याकडे खेळातली शेळी म्हणजे वाघ-बकरी. मोबाइलच्या आधी वाढलेल्या पिढीला हा खेळ शिकवावा लागत नाही. पडवीतल्या जमिनीवर कोळशाने चौकट आखायची, आडव्या-उभ्या-तिरक्या रेघा मारायच्या. काजूच्या बिया म्हणजे शेळ्या आणि चार मोठे खडे म्हणजे वाघ. आखणीप्रमाणे संख्या बदलते. नेपाळात याच खेळाला बाघचाल म्हणतात; तिथे पंचवीस बिंदूंचा पट, चार वाघ आणि वीस शेळ्या. दक्षिणेत त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा शेळ्या असतात. तत्त्व सगळीकडे एकच. वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो. शेळीला कोणालाच खाता येत नाही. तिने फक्त जागा अडवायची. सगळ्या वाघांना हलायला जागा उरली नाही की शेळ्या जिंकल्या.

लहानपणी आमच्यात वाघ कोण घेणार यावरून हमरीतुमरी व्हायची आणि शेळ्या धाकट्याच्या गळ्यात पडायच्या. धाकटा मीच असल्याने मी शेळ्या पुष्कळ खेळलो आहे. शेळ्यांचा डाव म्हणजे शिस्तीचा डाव. एक पुढे गेली तर मागे दुसरी हवी. एकीला हुशारी सुचली की ती गेलीच. म्हणजे या खेळात शेळीने जिंकायचे, तर शेळीसारखे वागायचे नाही! तिने भिंतीतल्या दगडासारखे वागायचे. सिंगापूरच्या एका संशोधकाने २००७ साली संगणकाकडून बाघचालचा हिशेब पुरा करून घेतला. दोन्ही बाजू चूक न करता खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो, असे उत्तर आले. पडवीत असे कधी झाले नाही, कारण तिथे बिनचूक खेळणारे कोणी नव्हते.

खेळ किती जुना, हे नेमके सांगणे कठीण. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर खेळांचे पट कोरलेले आहेत, जुन्या देवळांच्या फरसबंदीवरही दिसतात. पण कोरणाऱ्याने सही ठेवली नाही आणि रिकामा हात कोणत्याही शतकातला असू शकतो. छापील पुराव्याकडे यायचे तर औरंगाबादच्या हरिकृष्ण नावाच्या ज्योतिषी पंडितांनी १८७१ साली ‘क्रीडाकौशल्य’ लिहिले. आपल्या मुलखातल्या पटावरच्या खेळांची नोंद करावी, असे त्या विद्वानाला वाटले, ही मला मोठी गोष्ट वाटते. योगायोग असा की त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे आणि धन्याने दंड भरून सोडवायचे. त्या कायद्याने ‘गुरे’ या शब्दात हत्ती-उंटांपासून शेळ्या-करडांपर्यंत सगळ्यांना घेतले. दंड हत्तीला सर्वांत जास्त, शेळीला सर्वांत कमी. तेवढ्यापुरती तरी सरकारला तिची गरिबी मान्य होती. एकीकडे पंडित पटावरचे खेळ कागदावर आणतो आहे, दुसरीकडे सरकार तिच्या भटकण्याची किंमत ठरवते आहे.

तिथून एकदम १४३ वर्षे पुढे आणि फार दूर जायचे आहे. स्वीडनमध्ये शॉव्दे नावाचे गाव आहे. तिथल्या कॉफी स्टेन या छोट्या कंपनीतल्या मुलांनी जानेवारी २०१४ मध्ये गंमत म्हणून एक नमुना तयार केला. त्या काळात शेती करण्याचे, ट्रक चालवण्याचे, विमान उडवण्याचे हुबेहूब अनुभव देणारे संगणकीय खेळ निघाले होते. सिम्युलेटर म्हणतात त्यांना. मग बकरा होण्याचा अनुभव का नको? त्या नमुन्याची चित्रफीत त्यांनी यूट्यूबवर टाकली आणि जगभरातून मागणी आली, की हे पुरे करा. १ एप्रिल २०१४ रोजी ‘गोट सिम्युलेटर’ विक्रीला आला. तारीख मुद्दाम निवडली असणार.

या खेळात तुम्ही बकरा असता. पिल्गोर त्याचे नाव. समोर मोकळे गाव, कुठेही जा. शिंगाने टक्कर द्या, लांब जीभ चिकटवून वस्तू ओढत न्या, कुंपण मोडा, कोणाच्या अंगणातल्या मेजवानीत शिरा. मोडतोडीला गुण मिळतात. ओरडण्यासाठी वेगळे बटण आहे. बकरा गाडीखाली येतो, छपरावरून पडतो, चिंध्यांच्या बाहुलीसारखा लोळतो आणि उठतो. तो मरत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना हे फार मोठे वाटते आणि का ते मला कळते. बकरी ईदच्या आधी घरी आणलेला बकरा चार-आठ दिवस त्यांचा सोबती असतो. ती त्याला फणसाचा पाला घालतात, नको म्हटले तरी नाव ठेवतात. ईदच्या सकाळी त्यांची समजूत घालणे दरवर्षी नव्याने करावे लागते. ते सोपे असावे असेही मला वाटत नाही.

खेळ कच्चा होता. मान ताणली जायची, बकरा भिंतीत अडकायचा, शिडीवर लटकून हवेत नाचायचा. कंपनीने जाहीर सांगितले, की खेळ बंद पडेल एवढ्याच चुका आम्ही दुरुस्त करू, बाकीच्या राहू द्या, त्या गमतीच्या आहेत. विक्रीच्या मजकुरात तर त्यांनी गिऱ्हाइकालाच सल्ला दिला: आपले दहा डॉलर विटांच्या ढिगावर घाला, नाहीतर मित्रांबरोबर पैसे जमवून खरी शेळी घ्या. दहा डॉलर म्हणजे तेव्हाचे सहाशे रुपये. मित्रांबरोबर जमवूनच, हा सल्ला मात्र अगदी व्यवहारी होता.

आता खेळणाऱ्यांचे म्हणणे. समीक्षकांत एकमत झाले नाही. त्यांच्या गुणांची सरासरी शंभरात साठीच्या आसपास घुटमळली. एक पक्ष म्हणाला, हा विनोद दोन तासांचा आहे, त्यात गोष्ट नाही, ध्येय नाही, चुकांनाच गुण म्हणून विकले आहे. दुसरा पक्ष म्हणाला, इतके हसवणारा खेळ बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. समीक्षकांपेक्षा साधे खेळाडू उदार निघाले. विकत घेणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी तो इतरांनी खेळावा असेच लिहिले. तक्रारी करणाऱ्यांची वाक्ये वाचताना मला आपली म्हण आठवत होती. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड!

तरी ‘ध्येय नाही’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. तो खरा आहे. प्रश्न एवढाच, की तो दोष आहे का. वाघ-बकरीत प्रत्येक शेळीला काम आहे, म्हणून तो डाव आहे. वाळूच्या ढिगात खेळणाऱ्या पोराला काम नाही. तो खेळतो आहे, हे मात्र कोणी नाकारत नाही. आपण मोठी माणसे मुलांच्या खेळाकडून नेहमी काहीतरी मागतो. बुद्धी वाढली पाहिजे, शरीर कमावले पाहिजे, निदान बक्षीस आले पाहिजे. त्या स्वीडिश मुलांनी अजागळपणाच विकायला ठेवला आणि तसे सांगून ठेवला. लोकांनी तो घेतला. मे २०१४ मध्ये त्यांनी चौघांना एकत्र खेळण्याची सोय केली, सप्टेंबरमध्ये खेळ मोबाइलवर आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पुढचा भाग आला. त्याचा क्रमांक तीन. दुसरा भाग काढलाच नाही, हाही विनोदच.

आमच्या घरी भाचीच्या दोन मुलांत यावर वाद असतो. थोरला दहावीला आहे. त्याचे म्हणणे, पहिल्या दिवशी हसू येते, दुसऱ्या दिवशी काय करायचे तेच कळत नाही. धाकट्याचे म्हणणे, काय करायचे ते सांगत नाहीत हेच तर बरे, शाळेत दिवसभर तेवढेच सांगतात. दोघेही पलंगावर लोळून बोटाने बकरा पळवतात. उंटावरून शेळ्या हाकणे यापेक्षा वेगळे काय असणार, असे मी म्हटले, तर उंट कुठे आहे म्हणून धाकट्याने विचारले.

मला खटकते ते दुसरेच. पावसच्या वरच्या सड्यावर पूर्वी शेळ्या मोकळ्या चरायच्या. भात कापले, की खालची शेतेही सगळ्यांच्या जनावरांना खुली व्हायची. आता सड्यावर हापूसच्या बागा आहेत, बागांना जांभ्या दगडाची कुंपणे, वर तारा. बागवाल्याचे चूक आहे असे नाही. कलमाचा कोवळा शेंडा शेळीने खाल्ला तर कलम बसते, हे मी पाहिले आहे. पण सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ, ती काळी, तोंडावर पांढरे पट्टे असलेली देखणी शेळी, या मुलांनी दाव्याला बांधलेलीच पाहिली आहे. गडग्यावरून उडी मारणारी शेळी त्यांनी पाहिली ती स्वीडनमधली.

गेल्या पावसाळ्यात चार दिवस वीज नव्हती आणि मोबाइल मेले होते, तेव्हा मी दोघांना पडवीत वाघ-बकरीची चौकट आखून दिली. थोरल्याने वाघ घेतले. धाकट्याने शेळ्या मुकाट्याने मांडल्या, तीन गमावल्या आणि चौथीवर वाघ येणार तोच ती बी उचलून रेघांच्या बाहेर, उंबऱ्यावर नेऊन ठेवली. थोरला ओरडला, असे चालत नाही. धाकटा म्हणाला, ती उडी मारून गेली. दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी पाऊस किती आहे ते बघायला उठलो.