गाजराचा रंग आणि बाटलीतली गोळी

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या भावोजींनी गोळ्यांची एक बाटली घरी आणली. “वहिनी, रोज एक घेतली की फुप्फुसांची काळजी नको,” म्हणाले. सिगारेट सुटेना, म्हणून हा उपाय. बाटलीवर गाजराचे चित्र होते. मलाही पटले, गाजर कधी कुणाला बाधले आहे? पण डॉक्टरांनी बाटली पाहताच गोळ्या बंद करायला सांगितल्या. असे का, हे शोधताना जो इतिहास हाती आला, तो सांगते.

१८३१ साली जर्मनीत वाकेनरोडर यांनी गाजरातून एक रंगद्रव्य वेगळे काढले. तेच कॅरोटीन. १९१९ साली अमेरिकेत स्टीनबॉक यांनी दाखविले की, पिवळ्या मक्यावर उंदीर पोसतात, पांढऱ्यावर खंगतात. पुढे १९३० साली केंब्रिजच्या टॉमस मूर यांनी उंदरांना कॅरोटीन चारले, तेव्हा त्यांच्या यकृतात अ जीवनसत्त्व सापडले. रातांधळेपणावर पालेभाजी का द्यावी, याचा उलगडा झाला. पालेभाजीतही हा रंग असतोच. हिरव्याखाली झाकलेला असतो इतकेच.

पुढे असे दिसले की, शरीरात प्राणवायूपासून जे उग्र कण तयार होऊन पेशींना इजा करतात, त्यांना हे रंग आवर घालू शकतात. ज्यांच्या रक्तात हे रंग अधिक, त्यांच्यात दाहाच्या खुणा कमी आढळल्या. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोगही कमी दिसला. मग हे सत्त्व गोळीत भरून का देऊ नये?

फिनलंडमध्ये १९८५ साली तसा प्रयोग सुरू झाला. सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष त्यात होते. त्यांतील काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले. १९९४ साली निकाल आला तो उलटाच! ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील तशीच एक चाचणी १९९६ साली मुदतीआधीच थांबवावी लागली. धुराने पोळलेल्या फुप्फुसात मोठ्या मात्रेने गेलेला हा रक्षकच उलटत असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

भाजीची गोष्ट वेगळी. तिच्यात एकटे बीटा-कॅरोटीन नसते. पालकात ल्युटीन, टोमॅटोत लायकोपीन, शिवाय चोथा आणि इतर जीवनसत्त्वेही असतात. आणि मात्राही बेताची. तेव्हा लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पिकलेली पपई यांचा आपल्या ताटाला विसर पडू नये. फोडणीला चमचाभर तेल मात्र हवे, कारण हे रंग स्निग्धात विरघळतात आणि तेलाच्या सोबतीनेच अंगी लागतात.

आमच्या घरातून ती बाटली गेली. सिगारेट अजून पुरती गेलेली नाही. दिवसाला दोन उरल्या आहेत. पण त्यांवर गोळीचा उतारा नाही, एवढे भावोजींना आता पटले आहे. पुढच्या वर्धापनदिनी त्या दोनही सुटल्याचे तुम्हांला सांगता यावे, एवढीच इच्छा.