निगेटिव्हवरच्या पेन्सिलीची कुळकथा

मानवी हाताचा स्पर्श न होता केवळ सूर्यप्रकाशाने रेखाटलेले चित्र, अशी ज्या विद्येची ख्याती 1839 साली पॅरिसहून जगभर पसरली, त्या विद्येच्या दारात मानवी हात परत यायला फारसा अवधी लागला नाही. लुई दागेर याच्या पद्धतीने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर जी चित्रे घेतली जात, त्यांत इमारती आणि पुतळे अप्रतिम उतरत, कारण ते हालत नसत. माणूस मात्र उन्हात मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसविला तरी त्याच्या पापण्या लवायच्या राहत नसत, आणि त्यामुळे कपाळ, नाक, हनुवटी स्पष्ट येऊनही डोळ्यांच्या जागी धूसर खाचा तेवढ्या उरत. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथे 1840 साली व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन भरविणाऱ्या योहान बाप्टिस्ट इझेनरिंग याने या अडचणीवर सरळ उपाय योजला : त्याने पत्र्यावरच डोळ्यांच्या बाहुल्या कोरल्या. फोटो दुरुस्त करण्याच्या हुन्नराचे मूळ शोधू गेल्यास आपण या कोरलेल्या बाहुल्यांपाशी येऊन पोहोचतो, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण हा हुन्नर माणसाच्या रूपगर्वातून जन्मला असा जो सार्वत्रिक समज आहे, तो या आरंभापाशीच खोटा ठरतो. बसलेल्या माणसाला डोळे होते. ते यंत्राला टिपता आले नाहीत, म्हणून हाताने परत दिले.

पत्र्याचे चित्र एकुलते एक असे. इंग्लंडात टॅल्बट याने 1841 साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत आधी कागदावर उलट्या छायाप्रकाशाची निगेटिव्ह तयार होई व तिच्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येत. म्हणजे दुरुस्ती एकदाच करावी आणि ती प्रत्येक प्रतीत उतरावी, अशी सोय प्रथमच झाली. या सोयीचा लाभ ज्यांनी लवकर घेतला त्यांत एडिंबरोचा चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा प्रमुख होय. स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेतून 1843 साली फुटून निघालेल्या शेकडो धर्मोपदेशकांचे एक विशाल समूहचित्र रंगविण्याचा संकल्प त्याने सोडला, आणि एवढ्या चेहऱ्यांची टिपणे हाताने घेणे अशक्य म्हणून रॉबर्ट ॲडमसन या तरुण छायाचित्रकाराशी भागीदारी केली. कागदाचा पोत जाडाभरडा, बारकावे त्यात विरून जाणारे. तेव्हा हिल निगेटिव्हवर पेन्सिलीने किंवा पातळ रंगाने कुठे एखादी कड उजळे, कुठे वस्त्राची घडी वेगळी काढी. समूहचित्र पुरे व्हायला 1866 साल उजाडले. पण आज रसिक त्या चित्राला नव्हे, त्यासाठी घेतलेल्या फोटोंना मानतात.

खरी निकड उत्पन्न झाली ती काचेमुळे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 साली काचेवरची कोलोडियन पद्धत प्रसिद्ध केली, आणि कागदाच्या खरखरीत पोतामागे जे झाकून जात होते ते सारे काचेच्या निगेटिव्हने उघडे पाडले. इथवर ठीक होते. परंतु या काचेत एक जन्मजात दोष होता, तो असा की निळ्या व जांभळ्या प्रकाशाखेरीज तिला दुसरे काही जवळजवळ दिसत नसे. निळे आकाश पांढरेफटक येई, आणि तांबडे व पिवळे ते सारे काळे. गोऱ्या कातडीवरील फिकट तपकिरी ठिपके, जे समोर बसलेल्या माणसाच्या ध्यानातही येत नसत, ते फोटोत शाई शिंपडल्यासारखे दिसत. गालांवरची लाली काळवंडे. आणि आपल्याकडील स्त्रीच्या कपाळावरचे कुंकू काय किंवा हळदीने माखलेले अंग काय, त्या काचेच्या लेखी दोन्ही अंधारच. यंत्राची साक्ष म्हणजे अस्सल आणि हाताची दुरुस्ती म्हणजे नक्कल, असा फैसला घाईने करणाऱ्यांनी ही रासायनिक वस्तुस्थिती डोळ्यांआड करू नये. त्या काळच्या कोऱ्या, अस्पर्शित फोटोतला चेहरा हा त्या माणसाचा कोणीही कधीही न पाहिलेला चेहरा होता.

काचेवर काम करणारा हात कुठून आला, याचेही उत्तर इतिहासात आहे : तो शिळाछापाच्या दगडावरून आला. म्युनिकचा फ्रान्त्स हान्फश्टेंगल हा मुळात शिळाछापाचा नामांकित कारागीर. ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहातील जुन्या आचार्यांच्या कलाकृती त्याने वर्षानुवर्षे दगडावर उतरविल्या होत्या, आणि काळ्या खडूच्या सूक्ष्म ठिपक्यांतून गालाची गोलाई कशी वळवावी हे त्याच्या बोटांत मुरले होते. फोटोग्राफीकडे वळल्यावर त्याने तीच विद्या निगेटिव्हवर चालविली. 1855 च्या पॅरिस येथील विश्वप्रदर्शनात एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती, एक दुरुस्तीपूर्वीची व एक नंतरची, शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या व त्यांपुढे प्रेक्षकांची दाटी होत असे, ही हकीकत विख्यात फ्रेंच छायाचित्रकार नादार याच्यामुळे पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली. निगेटिव्हवर कोणी हात फिरविला आहे हे दुसरी प्रत शेजारी नसती तर ओळखू आले नसते, आणि नेमके हेच त्या प्रतींचे वैशिष्ट्य होते. बेमालूमपणा हा या हुन्नराचा पहिला दस्तूर तेथे ठरला.

त्याच वर्षी पॅरिसच्या फोटोग्राफी मंडळात या विषयावर मोठा वाद झाला. पोल पेरिए याचा पक्ष असा की, कलावंताला साधन वापरण्याची मुभा असलीच पाहिजे, परिणाम चांगला असला म्हणजे झाले. आणि एझेन द्युरिए याचा पक्ष असा की, फोटोग्राफीला मदतीसाठी कुंचला बोलावणे म्हणजे तिच्या स्वतंत्र कलेचाच त्याग करणे होय. हा द्युरिए चित्रकार दलाक्रवाचा स्नेही होता व त्याच्यासाठी त्याने फोटो घेऊन दिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा विरोध चित्रकलेच्या अनादरातून आलेला नव्हता हे कळते. दोन कलांचा संकर त्याला नको होता. मला या वादात दोन्ही पक्षांची बाजू अर्धीच पटते. हात लावावा की लावू नये, या प्रश्नाने काही निष्पन्न होत नाही. हात कुठे थांबला, एवढेच विचारण्यासारखे आहे.

ते थांबणे किती अवघड होते हे कळण्यासाठी टचिंगचे (रिटचिंगचे), म्हणजे या दुरुस्तीचे, मेज जवळून पाहिले पाहिजे. तिरप्या लाकडी चौकटीत दुधी काच बसविलेली, तिच्याखाली खिडकीचा उजेड वर परतविणारा आरसा, आणि बाहेरचा प्रकाश डोळ्यांवर येऊ नये म्हणून माथ्यावर व दोन्ही बाजूंना झापा. एवढेच त्याचे बांधकाम. निगेटिव्ह या दुधी काचेवर ठेवायची, रसायनाची बाजू वर. तिच्यावरील वार्निश गुळगुळीत, पेन्सिल त्यावरून घसरते. म्हणून टर्पेंटाइनमध्ये डामर नावाची राळ विरघळवून तिचा एक थेंब चेहऱ्याच्या भागावर फडक्याने चोळायचा, म्हणजे तेथे पेन्सिल धरील अशी किंचित चिकट पकड येते. पेन्सिलीचे शिसे इंचभर उघडे काढून काचकागदावर फिरवीत फिरवीत सुईसारखे निमुळते करायचे. मग काम सुरू होते ते उलट्या जगात : माणसाच्या अंगावर जे काळे, ते निगेटिव्हमध्ये पारदर्शक, जे उजळ, ते येथे काळे. कातडीवरचा डाग म्हणजे काचेतले एक लुकलुकते छिद्र. त्यात पेन्सिलीचे अतिशय हलके, स्वल्पविरामासारखे फटकारे भरत जायचे, ते भोवतालच्या घनतेशी समरस होईपर्यंत. आणि तेथेच हात उचलायचा, कारण एक फटकारा अधिक पडला की छापील प्रतीत त्या जागी पांढरा ठिपका उमटतो आणि पाहणाऱ्याला गुन्ह्याची जागा सापडते. जेथे काळोख वाढवायचा, उदाहरणार्थ दोन दिव्यांमुळे डोळ्यात पडलेल्या दोन चमकांपैकी एक काढून टाकायची, तेथे पेन्सिल निरुपयोगी. तेथे धारदार चाकूच्या टोकाने थर अलगद खरवडायचा, आणि खरवडलेले परत भरता येत नाही.

कौशल्याची खरी कसोटी डाग घालविण्यात नसून सुरकुतीत असे. कपाळावरची आठी, नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी रेघ, डोळ्यांखालची खोलगट कड, या सर्व गोष्टी कठोर प्रकाशात प्रत्यक्षाहून अधिक खोल दिसतात. त्या पुऱ्या बुजविल्या तर वय जाते आणि वयाबरोबर माणूसही जातो. जाणता कारागीर रेघ पुसत नाही, तिची खोली कमी करतो. तिच्याखाली हाड कोठे आहे, स्नायू कोणत्या दिशेने ओढलेला आहे, हे त्याला ठाऊक असते आणि त्याच दिशेने त्याचा फटकारा जातो. रफूगराने मूळ कापडाचीच वीण धरून धागा भरावा, तसे हे काम आहे. ज्याला शरीररचना अवगत नाही त्याच्या हातून चेहरा सपाट होतो, आणि दुर्दैवाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे सपाट, संगमरवरी चेहरे स्टुडिओंतून शेकड्यांनी बाहेर पडू लागले.

त्यांविरुद्ध आवाज उठणे क्रमप्राप्तच होते. कलकत्त्यास जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरन यांनी आपल्या निगेटिव्हवरील डाग व ओरखडे पुष्कळदा तसेच राहू दिले. पीटर हेन्री एमर्सन याने 1889 च्या आपल्या ग्रंथात रिटचिंगचा कडक निषेध केला. दरम्यान मूळ रासायनिक दोषावरही इलाज निघत होता. बर्लिनच्या हेरमान फोगेल याला 1873 साली आढळले की, रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास काचेला हिरवा व पिवळा प्रकाशही दिसू लागतो. आणि 1906 साली इंग्लंडात तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या काचा विक्रीस आल्या. आता ठिपके काळे पडण्याचे कारण उरले नाही. पेन्सिल मात्र मेजावरून उठली नाही, आणि येथून पुढे तिची जबाबदारी वाढली. कारण पूर्वी ती यंत्राची चूक सुधारीत असे, आता ती गिऱ्हाइकाच्या इच्छेची ताबेदार झाली.

आपल्याकडे हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा झाला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली, तिच्या कार्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांचा वाटा होता, आणि 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्गही निघाला; म्हणजे निळ्या-जांभळ्याखेरीज सर्व रंगांना आंधळी असलेली काच आपल्या सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांसमोर अगदी आरंभापासून उभी राहिली. तिने ते चेहरे असावेत त्याहून काळे टिपले. तेव्हा टचिंग करणाऱ्याने कांती थोडी उजळली, तर तो सत्याकडेच येत होता. परंतु काच सुधारल्यावरही उजळण्याची सवय सुटली नाही. उपवर मुलीचा फोटो स्थळाकडे धाडायचा म्हणजे तो 'जरा उजळ' करून घ्यायचा, हा शिरस्ता घरोघर पडला, आणि जी मुभा एका दोषाच्या परिमार्जनार्थ मिळाली होती तिचा उपयोग एका दुष्ट समजुतीत भर घालण्याकडे झाला. यात कारागिराहून अधिक दोष ती मागणी करणाऱ्या समाजाचा आहे, हे आपण स्पष्ट कबूल केले पाहिजे.

हात थोडा अधिक चालला तर काय होते याचे एक उदाहरण सर्वांच्या पाहण्यातले आहे. डोरोथिया लँग हिने 1936 साली कॅलिफोर्नियात घेतलेला, मुले बिलगलेल्या स्थलांतरित मातेचा तो जगप्रसिद्ध फोटो. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, आणि तो रसभंग करतो असे वाटून लँगने पुढे निगेटिव्हवरच तो पुसट करविला. ज्या सरकारी खात्यासाठी ती काम करीत होती त्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यावर नाराज झाले. कारण तो फोटो सरकारी दप्तरातला पुरावा होता. मला स्ट्रायकरांचे म्हणणे रास्त वाटते. व्यक्तिचित्रात जे सौजन्य ठरते, ते वृत्तान्तात ढवळाढवळ ठरते. आणि तरीही निरखून पाहणाऱ्यास त्या अंगठ्याची छाया अजून दिसते.

पेन्सिलीचा वंश पुढे संगणकात गेला. थॉमस व जॉन नोल या बंधूंचे फोटोशॉप 1990 साली बाजारात आले; पुढे त्यातील उजळण्याच्या व गडद करण्याच्या साधनांना चिन्हे दिली गेली ती अंधारखोलीतल्या तारेवरच्या गोल पुठ्ठ्याची आणि प्रकाश अडविणाऱ्या हाताच्या मुठीची. 2002 च्या आवृत्तीत आलेल्या हीलिंग ब्रशने तर हान्फश्टेंगलचा बेमालूमपणाचा नियमच गणितात बसविला : डाग झाकण्यासाठी शेजारच्या कातडीचा पोत घ्यावा, पण प्रकाश व रंग त्या जागेचाच ठेवावा. कुठे थांबायचे हे मात्र त्या गणितात नाही, आणि म्हणूनच आजही चांगले काम करणारे लोक दुरुस्ती वेगळ्या थरावर करतात व शेवटी त्या थराचा जोर निम्म्यावर आणतात, म्हणजे खालची रेघ वरच्या उजळीतून पुन्हा डोकावते.

ज्यांच्या घरी, वाड्याच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात काचेच्या जुन्या निगेटिव्ह असतील, त्यांना एक विनंती आहे. त्या उजेडासमोर तिरप्या धरून पाहा : निस्तेज बाजूवर, चेहऱ्याच्या जागी, करड्या रेघोट्यांचे बारीक जाळे दिसेल. तो मळ समजू नका. ओला बोळा किंवा स्पिरिट त्या बाजूला मुळीच लावू नका, धूळ फक्त मऊ कुंचल्याने झटका, आणि प्रत्येक काच स्वतंत्र कागदात गुंडाळून उभी ठेवा. आणि आजीचा फोटो नव्याने दुरुस्त करावयास द्याल तेव्हा बुरशीचे डाग व घडीच्या चिरा काढण्यास अवश्य सांगा; कपाळावरचे गोंदण आणि देवीचे वण मात्र ठेवावयास सांगा.