शंभरावी दासी : पुण्णिका, पाणी आणि चौल

रामायण-महाभारत स्त्रियांच्या नजरेतून नव्याने सांगण्याची सध्या लाट आहे. सीता बोलते, द्रौपदी बोलते, ऊर्मिला बोलते. बोलू द्या, आपली हरकत नाही. पण या नव्या कथनांतही बोलणारी बाई बहुधा राजवाड्यातलीच असते. अंबिका व्यासाकडे स्वतः न जाता आपली दासी पाठवते, त्या दासीला विदुर होतो. विदुरनीती लोकांना तोंडपाठ, पण त्याच्या आईचे नाव सांगण्याची तसदी महाभारताने घेतलेली नाही. तिच्या तोंडी एक वाक्य नाही. तिची गोष्ट सांगायची तर लेखकाला सगळेच कल्पनेतून उभे करावे लागते.

बौद्ध साहित्याकडे वळलो की चित्र बदलते. खुद्दकनिकायातली थेरीगाथा ७३ प्रकरणांत भिक्षुणींची वचने जपते. त्यात राजकन्या आहेत, गणिका आहेत, मूल गमावलेल्या आया आहेत. आणि पाणी भरणारी एक दासी आहे, पुण्णिका.

अनाथपिंडिक म्हणजे बुद्धाला जेतवन दान देणारा श्रावस्तीचा श्रेष्ठी. पुण्णिका त्याच्या घरची दासी. तिच्या जन्माने घरातल्या दासांची संख्या शंभर पूर्ण झाली, म्हणून तिचे नाव पुण्णा पडले असे अट्ठकथा सांगते. नाव कसले, हिशेबाच्या वहीतली बेरीज ती! कडाक्याच्या थंडीतही तिला नदीत उतरावे लागे, कारण पाणी आणले नाही तर मालकिणींचा मार आणि शिव्या ठरलेल्या. तिथे तिला एक ब्राह्मण भेटतो. तोही कुडकुडत पाण्यात उभा आहे. ती विचारते, मी मालकिणीच्या भीतीने उतरते, तुला कोणाची भीती? तो म्हणतो, तुला माहीत असून विचारतेस. स्नानाने पाप धुतले जाते.

पुण्णिका त्याला सोडत नाही. हे तुला कोणी सांगितले? अज्ञान्याने अज्ञान्याला? मग बेडूक, कासवे, साप, मगरी सगळे स्वर्गात जायला हवेत. नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्यापाशी उरेल काय? ज्याची भीती वाटते ते कृत्यच करू नकोस, आणि पाण्याबाहेर ये, थंडीने कातडी सोलून निघेल. ब्राह्मण निरुत्तर होतो, तिला वस्त्र देऊ करतो. वस्त्र तुझे तुलाच ठेव, मला नको, असे ती सांगते.

ती घेत नाही, हे मला या संवादात सगळ्यात मोलाचे वाटते. दासी आहे, थंडीत भिजलेली आहे, समोर कापड आहे.

आता हे सारे चौलला नेऊन पाहा. रेवदंड्याला लागून असलेले हे गाव प्राचीन काळचे चेमुल बंदर. कान्हेरीच्या शिलालेखात चेमुलच्या एका दात्याने पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. खुद्द चौलच्या हिंगलाजच्या डोंगरातही लहानशी जुनी लेणी आहेत. पुढे चौल देवळांचे आणि तळ्यांचे गाव झाले. तीनशे साठ देवळे आणि तितकीच तळी होती असे जुनी माणसे सांगतात. आकडा सोडून द्या. रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करणी आजही आहे. पाणी आणि पुण्य यांची सांगड किती घट्ट आहे ते तिथे उभे राहिले की कळते.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी घागरी भरभरून पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. पुण्णिकेचा प्रश्न इथे उलटा करून विचारता येतो. जे पाणी जन्मोजन्मीची पापे धुते म्हणता, ते माणसाच्या एका ओंजळीने बाटते कसे? त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, आणि त्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्र बोलले.

मात्र पुण्णिकेला डोक्यावर घेऊन नाचायचे नाही, वाचायचे आहे. स्नानाने पापमुक्ती मिळाली तर कोणाकोणाचे फावेल याची ती यादी देते. त्यात खाटीक, पारधी आणि चोर यांच्यासोबत मच्छीमारही आहेत. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात हे वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्या बायांच्या चेहऱ्याकडे बघा. पोटासाठी जाळे टाकणारा आणि चोर एका ओळीत? इथे मी पुण्णिकेशी वाद घालतो. तिनेच शिकवलेली रीत आहे ती : हे तुला कोणी सांगितले?

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. शेकडो वर्षांनी धम्मपालाने अट्ठकथा लिहिली. पुण्णिका दासी का जन्मली, याचे तिच्यातले उत्तर असे की पूर्वजन्मी ती विदुषी भिक्षुणी होती, पण गर्व केला. म्हणजे गुलामीचा दोष पुन्हा गुलामाच्याच माथी. गाथेत हे नाही, भाष्यात आहे. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत समाजाला आणि राज्याला जबाबदारीतून मोकळे करतो, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बजावून ठेवले आहे. तेव्हा मूळ बाईचा आवाज ठेवायचा आणि भाष्यकाराचे कर्मपुराण बाजूला काढायचे. आपल्या ग्रंथांनाही तीच कात्री लावू, जी त्यांच्या ग्रंथांना लावतो.

चौलहून दक्षिणेला, तळा तालुक्यात कुडा लेणी आहेत. तिथल्या एका लेखात पदुमनिका नावाची प्रव्रजिता लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान देते. ती स्वतःची ओळख प्रव्रजिता नागनिकेची मुलगी अशी सांगते; दोन थेरांची भाची असल्याचेही सांगते, पण बापाचा उल्लेख नाही. सोबत बोधी आणि असाळ्हमिता यांचीही नावे आहेत. पुण्णिका पाणी भरणारी, पदुमनिका पाणी दान देणारी. एकीचा आवाज उरला, दुसरीची सही.

वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. त्यात पाणी भरणारी चांडालकन्या प्रकृती आणि तिच्याकडे पाणी मागणारा आनंद येतात. त्या दिवशी पुढे पुण्णिकाही वाचा. वाचणारी एखादी बाई असू द्या, आणि त्या वेळी चहाची किटली पुरुषांनी सांभाळावी.