काडी, नळी आणि पडदा

खडकी म्हटले की आपल्याला ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते, नाहीतर १८६९ साली उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना. त्या लढाईला ज्या गणेशखिंडीचेही नाव दिले जाते, तिथे आज विद्यापीठाचे आवार आहे. त्याच आवारात जयंत नारळीकरांनी १९८८ साली आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभारली. मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत लिहिले गेले. खडकीच्या किती घरांना ते ठाऊक असेल, याची शंकाच वाटते.

या पानाची सुरुवात मात्र खूप आधीची आहे. कॅथलिक असलेल्या मारिया मॉन्टेसोरी यांनी १९०७ साली रोममधील गरिबांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांचे मनोरे, दट्टे आणि ठोकळे हे त्या काळचे वर्गातील तंत्रज्ञानच होते. ती साधने भारतात आली, तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. एक अर्थातच पैशाची. दुसरी अधिक खोल होती: ठरल्या साधनाचा ठरलाच उपयोग करायचा, तर मुलाच्या कल्पनेने जायचे कुठे? परीकथांविषयी मॉन्टेसोरीबाई साशंक होत्या. गिजुभाई बधेका यांनी मात्र गोष्टीला बालशिक्षणात मानाचे स्थान दिले, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला येऊन अनुताई वाघ यांच्यासह पुढचे पाऊल टाकले. बिया, शिंपले, खडे, पाने हीच त्यांची साधने झाली. पुढे कोसबाडला तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्दही याच प्रयोगातून आला.

अरविंद गुप्ता यांचे काम याच वाटेवरचे, पण ते निघाले कारखान्यातून. कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ साली अभियंता होऊन ते पुण्यात टेल्कोत रुजू झाले. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबादला गेले. तिथे खेड्यांतील सोळा शाळांतून १९७२ पासून, घोकंपट्टीऐवजी प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू होता. प्रयोगशाळा म्हणजे आठवडी बाजार! तिथेच सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांची जोडी जमली.

करून पाहावे असेच ते आहे. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यावा आणि दोन्ही टोकांत एकेक काडी खोचावी, की सांधा तयार. तीन काड्या आणि तीन सांधे यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. त्याला तिरपा आधार दिला की तो ताठ उभा राहतो. खडकीच्या स्टेशनवरून जाता-येता दिसणाऱ्या लोखंडी कैच्यांत इतके त्रिकोण का, हे मग मुलाला सांगावे लागत नाही. बाभळीच्या काट्याने सांध्याला भोक पाडून तिसरी काडी खोचली, की सहा काड्यांचा चौमुखी पिरॅमिड उभा राहतो. त्याचे घर होते, तंबू होतो, आणखी कशाकशाचे काय होते, ते मूलच ठरवते.

गुप्ता २००३ ते २०१४ या काळात मुक्तांगणात होते. टाकाऊ वस्तूंची खेळणी बनविणाऱ्या या माणसाने संगणकाशी वैर धरले नाही. सहकाऱ्यांसह त्यांनी खेळण्यांच्या हजारो छोट्या चित्रफिती अनेक भाषांत तयार करून संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या. मला यातली मेख मोठी वाटते. फीत एक-दोन मिनिटांची असते, ती संपते आणि मुलाला उठून काडी शोधावी लागते.

याउलट १९८४ साली अडीचशे शाळांत बी.बी.सी. संगणक देऊन केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्प काढला, तेव्हा यंत्र आधी पोहोचले आणि त्याचे करायचे काय, हा प्रश्न मागाहून आला. २०२० च्या महामारीत आपल्या घरी मोबाइलवर वर्ग भरले, तेव्हाही क्रम तोच होता. शिकणे थांबले नाही, हे उपकारच. पण नाताळचा गोठा आणि दिवाळीचा किल्लाही आता तयार विकत मिळतो, त्यामुळे चिखलात हात घालण्याचे निमित्तही उरत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या आहेत. कोसबाडच्या कुरणात त्यातले बरेचसे झाडाखालीच सापडत असे.