सह्याद्रीतील वेधशाळेची वाट

दुर्बिणीच्या साहाय्याने आकाश मोजण्याच्या महाराष्ट्रातील इतिहासात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे 20 इंची परावर्तक दुर्बीण, म्हणजे भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारे यंत्र, चालविले आणि 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण जेऊर येथे अभ्यासले. 1912 मध्ये ते निवृत्त होताच वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालच्या डोंगरावर गेली. संस्था एका माणसाच्या खांद्यावर उभी असण्याचा हा धोका होता.

पुढे सुमारे नऊ दशकांनी, 2006 मध्ये, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेने जुन्नर परिसरातील गिरवलीच्या डोंगरावर 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण कार्यान्वित केली. शहरी उजेडापासूनचे अंतर आणि उंची ही तिची बलस्थाने. पावसाळ्याचे ढग मात्र निरीक्षणाचे कित्येक महिने हिरावतात. अशा वेधशाळेला सायंकाळी भेट देणाऱ्या समूहाला डोळा लावण्याचे नेत्रभिंग अपेक्षित असते, परंतु संशोधनाच्या दुर्बिणीतील प्रकाश संवेदक कॅमेऱ्यावर किंवा वर्णपटलेखकावर, म्हणजे प्रकाशाचे रंग विलगून नोंदविणाऱ्या उपकरणावर, पडतो आणि खगोलशास्त्रज्ञ संगणकाच्या पडद्याकडे पाहत बसलेला आढळतो.